मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स: रायझन ३६०० वर छावणीत फ्रेम कोसळतात, ग्राफिक्स कार्ड बदलू का?

काळाचौकी_को-ऑप
१८ मे २०२५, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी. पाडव्याला स्वतःलाच भेट म्हणून वाइल्ड्स घेतला. या मालिकेतला माझा हा पहिलाच गेम. एका मित्राने डोकं खाल्लं म्हणून घेतला आणि तो मित्र बदली होऊन पुण्याला गेला. त्याचा पीसी अजून खोक्यात आहे. मी एकटाच बेडकाशी मारामारी करतोय.

बेडूक म्हणजे चाटाकाब्रा. जिभेने चाटून चाटून पुढच्या पायांना दगड चिकटवतो आणि तेच आपल्या डोक्यात घालतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हसायला लागलो आणि तेवढ्यात मेलो. तर गेम आवडलाय, त्याबद्दल वाद नाही. रात्री प्रेसमधून आलो की जेवण झाल्याझाल्या बसतो, आई म्हणते, "झाली का तुझी शिकार सुरू?"

आता दुखणं. मशीन असं आहे: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४, एनव्हीएमई एसएसडी, १०८० पी मॉनिटर १४४ हर्ट्झचा. हे सगळं २०२१ मध्ये लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून जुळवून घेतलं. तेव्हा कार्डांचे भाव बघून चक्कर येत होती म्हणून जुनं कार्ड वापरलं. आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं, दोन वर्षांनी भाव उतरल्यावर घेतलं.

मोकळ्या मैदानात सेकंदाला ५५-६० फ्रेम मिळतात. छावणीत शिरलो की ३४ ते ३८. वादळ आलं, त्यात डोशागुमांचा कळप आला की आकडा तिथेच आसपास, वर मधेच झटके. सेटिंग हाय वरून लो वर आणलं तर सगळं ओल्या मातीचं दिसायला लागलं, पण छावणीत जेमतेम दोन-तीन फ्रेम वाढले. फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या मधे बनवून भरलेले फ्रेम) चालू केलं तर आकडा ७५ दाखवतो, पण हाताला ते पटत नाही. बटण दाबल्यावर तलवार विचार करून उठते.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, कार्ड आणून दे, वरचे पैसे भर, ५०६० टीआय घेऊन जा. भरू का? आणि तो फुकटचा हाय-रेझोल्युशन टेक्स्चर पॅक (वस्तूंच्या पृष्ठभागांची जास्त बारीक चित्रं) टाकला तर मातीचा प्रकार कमी होईल का?

तिसरा_बाद
१९ मे २०२५, सकाळी ९.०५

रिफंड घे आणि याच मालिकेतला वर्ल्ड खेळ. २०१८चा गेम, आजही बघायला सुंदर, तुझ्या कार्डावर ६० च्या वर पळेल. वाइल्ड्सला पहिल्याच आठवड्यात स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर) दहा लाखांच्या वर माणसं एकावेळी खेळत होती आणि तरी रिव्ह्यूंवर "मिश्र"चा शिक्का बसला. लोकांना काय गेम आवडला नव्हता का? आवडला होता. चालत नव्हता.

खटपट्या
१९ मे २०२५, दुपारी २.३०

रिफंड कसला? स्टीमचा नियम चौदा दिवस आणि दोन तासांच्या आतला खेळ. याने पाडव्याला घेतलाय. आणि ते दोन तासही फसवे असतात. गेम पहिल्यांदा उघडला की शेडर (कार्डाला चित्र रंगवायच्या सूचना) बनवत बसतो, तो वेळ त्यात धरला जातो. मग माणूस स्वतःच्या शिकाऱ्याचं नाक आणि मांजराच्या मिशा ठरवत बसतो, तोही धरला जातो. म्हणून नवीन घेणाऱ्यांना सांगतो, स्टीमवर याचं बेंचमार्क वेगळं आणि फुकट आहे, गेमच्या आधी फेब्रुवारीतच आलेलं. आधी ते चालवा, मग खिशात हात घाला.

आता को-ऑप, तुझ्याकडे येतो. कार्ड विकू नकोस.

उत्तर तू स्वतःच लिहून ठेवलंयस. लो केलं तरी छावणीतला आकडा हलला नाही. कार्ड दमलं असतं तर लो वर त्याला श्वास मिळाला असता आणि आकडा चढला असता. चढत नाही, म्हणजे अडतंय प्रोसेसरपाशी. दादरला फलाट कितीही रुंद करा, पूल तेवढाच असला तर गर्दी जिन्यावर तुंबणारच. खात्री करायची असेल तर छावणीत एका जागी उभा राहा, रिझोल्युशन ७२० वर आण आणि अपस्केलिंग (छोटं चित्र मोठं करून दाखवणं) बंद ठेव. आकडा तसाच राहिला तर ५०६० टीआय लावूनही छावणीत तुला तेच ३६ दिसणार. दुकानदार तुला कार्ड विकतोय, कारण त्याच्याकडे विकायला कार्ड आहे.

प्रोसेसर एवढा का पिळला जातो ते कळलं तर अर्धा राग जातो. या गेममध्ये छावणी आणि रान यांच्यात दार नाही. वर्ल्डमध्ये गावातून मोहिमेवर निघालं की लोडिंग लागायचं, तेवढ्यात गेम मागचं आवरून पुढचं मांडायचा. इथे तू सीक्रेटवर, म्हणजे स्वारीच्या जनावरावर, बसतोस आणि थेट निघतोस. तुझ्या मागे छावणीतली माणसं कामं करतायत, पुढे सेराटोनॉथचे कळप चरतायत, त्यांच्यावर टपलेला कोणीतरी आहे, वर हवामान बदलतंय. रखरखाट, मग वादळ, मग हिरवळ. हे सगळं तू बघ किंवा नको बघू, हिशेब चालूच राहतो. आणि इंजिन, म्हणजे गेम ज्या सॉफ्टवेअरवर उभा आहे ते, आहे आरई इंजिन. ते पहिल्यांदा दिसलं २०१७च्या रेसिडेंट ईव्हिल ७ मध्ये, म्हणजे एक घर, अरुंद बोळ, मोजकी माणसं. तिथे ते लोण्यासारखं चालायचं. त्याच इंजिनवर मार्च २०२४ मध्ये ड्रॅगन्स डॉग्मा २ आला आणि गावात माणसांची गर्दी झाली की प्रोसेसरने मान टाकली. वाइल्ड्समध्ये जे झालं त्याची रंगीत तालीम तिथेच झाली होती.

कॅमेरा गर्रकन फिरवला की बसणारे झटके मात्र वेगळा आजार. टेक्स्चर एसएसडीवरून दाबलेल्या स्वरूपात येतात आणि कार्डावर उलगडले जातात, त्यात कार्डाचा वेळ खर्ची पडतो. आठ जीबीच्या कार्डांना हे जास्त लागतं. तुझ्याकडे १२ आहेत, म्हणून तू बराच वाचलायस. टेक्स्चर हाय वर ठेव, त्याच्या खाली आणलं की तुझी माती परत येणार. तो फुकटचा पॅक मात्र लावू नकोस, त्याला १६ जीबीचं कार्ड लागतं.

आता फ्रेम जनरेशन. स्टीमच्या पानावरची शिफारस पुन्हा वाच. रायझन ५ ३६००, आरटीएक्स २०६० सुपर, १०८० पी, मध्यम सेटिंग, ६० फ्रेम. तुझं कार्ड तर याच्या वरचं आहे, मग? त्याच ओळीत लिहिलंय, "फ्रेम जनरेशन चालू धरून". म्हणजे खरे साधारण तीस, बाकीचे मधे भरलेले. भरलेल्या फ्रेमला तुझं बटण माहीत नसतं. डोळ्याला ७५, हाताला ३७. हे तंत्र बनवणारी एएमडी स्वतः सांगते की मूळ ६० च्या आसपास असेल तरच हे वापरा. तेव्हा तुझ्या हाताला जे पटत नाही ते बरोबरच पटत नाही.

मग करायचं काय? फ्रेम जास्त मिळवण्याचा नाद सोड, सारखे मिळव.

मी या मालिकेत पीएसपीच्या, म्हणजे हातात धरून खेळायच्या त्या यंत्राच्या, काळापासून आहे. फ्रीडम युनाइट खेळायचो, कल्याण ते सीएसटी, जागा मिळाली तर. तिशीचा गेम, छोटासा पडदा, उजवी काठीच नाही. कॅमेरा फिरवायला डाव्या हाताची तर्जनी वाकडी करून वरच्या बटणांवर न्यायची आणि अंगठा काठीवर ठेवायचा. त्याला पंजा म्हणायचे. डब्यात लोक बघायचे याच्या हाताला काय झालंय. पण त्या तिशीत शिकार व्हायची, कारण तीस म्हणजे तीसच असायचे. जनावराने मान मागे घेतली की किती वेळाने झडप येणार ते बोटांना पाठ व्हायचं. ही मालिका सगळी त्यावरच उभी आहे. रे डाऊ नावाचं जनावर शिंगं पुढे आणून वीज सोडतं, त्याच्या आधीचा तो क्षण तुला वाचता आला पाहिजे. आकडा ५८ वरून ३८ वर आणि परत वर असा नाचत राहिला तर प्रत्येक वेळी तो क्षण वेगळ्या लांबीचा वाटतो. मग माणूस म्हणतो, मला जमत नाही.

तुझा मॉनिटर १४४चा आहे. १४४ला तीनने भागलं की ४८. गेमवर ४८ची मर्यादा घाल. प्रत्येक फ्रेम पडद्याच्या बरोबर तीन रिफ्रेशपुरता राहील. साध्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ३० नीट बसतात, ४८ किंवा ४० बसत नाहीत. अडॅप्टिव्ह सिंक (मॉनिटरने गेमच्या फ्रेमशी वेग जुळवून घेणं) चालू असेल तर एवढं काटेकोर राहायची गरज नाही, पण मर्यादा तरी घालच.

ऑनलाइन लॉबी खाजगी कर. छावणीत अनोळखी पंधरावीस शिकारी नाचत नसले की प्रोसेसरला तेवढंच बरं.

आणि दोन गोष्टी बघून मला इथे लिही. एक, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे वेग किती दाखवतोय आणि किती स्लॉट वापरात आहेत. दोन, खेळताना प्रोसेसरचं तापमान. ३६०० सोबत जो बुटका पंखा येतो तोच असेल तर या मे महिन्यात त्याची दया येते.

तुतारीवाली
१९ मे २०२५, रात्री १०.१५

नावावरून राजकारण काढू नका, मी हंटिंग हॉर्न वाजवते.

मी शिवडीला राहते आणि लॅपटॉपवर खेळते, आरटीएक्स ४०५०, म्हणजे सहाच जीबी. टेक्स्चर हाय वर न्यायची सोयच नाही, मध्यमवर खेळते. पहिल्या आठवड्यात मीही सेटिंगच्या यादीत खेळण्यापेक्षा जास्त वेळ घालवत होते. मग ३० वर बांधून टाकलं आणि विषय संपवला. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेवू नका, दोन कडांना उंची द्या, मधे वारा जाऊ द्या. एसी लावते, पण एवढ्यासाठी नाही असं घरी सांगते.

को-ऑप, कोणतं शस्त्र घेतलंयस? लाँग स्वॉर्ड असेल तर तुझं निम्मं दुखणं त्यातलं आहे. सगळे नवे तीच घेतात, दिसते छान. पण तिचा जीव आहे तो ऐन वेळी मागे सरकून उलट वार करण्यात. फ्रेम नाचत असताना ती वेळ साधणं म्हणजे छळ. हॉर्न घेऊन बघ, किंवा हॅमर. फोकस मोडमध्ये जखमेवर नेम धरायचा आणि हाणायचं. एखादा क्षण चुकला तरी काही बिघडत नाही. हॉर्नला तर आणखी मजा आहे, सूर जुळवले की शेजारच्या तिघांचीही ताकद वाढते. एसओएस सोडून अनोळखी लोक बोलावले की ते मला हात जोडतात. रोज कुठे कोणी हात जोडतं?

शस्त्रं चौदा आहेत. प्रशिक्षणाच्या जागेत जाऊन प्रत्येकाला दहा मिनिटं दे.

काळाचौकी_को-ऑप
१९ मे २०२५, रात्री ११.३०

ताई, लाँग स्वॉर्डच. कसं ओळखलंत?

खटपट्या दादा, ७२० वर आणलं, आकडा ३८. म्हणजे हललाच नाही. टास्क मॅनेजर म्हणतोय: वेग २४००, स्लॉट ४ पैकी १. बिलावर तर १६ जीबी ३२०० लिहिलंय. तापमान छावणीत ८७. शेडर बनताना ९० च्या वर गेलं. पंखा तोच बुटका. खोलीत एसी नाही, खिडकी रीडेव्हलपमेंटच्या साइटकडे उघडते, त्यामुळे ती बंद आणि तरी टेबलावर सिमेंटची पूड.

खटपट्या
२० मे २०२५, सकाळी ८.४०

४ पैकी १! वाटलंच होतं.

तुला रॅमची १६ जीबीची एकच कांडी दिलीय. दुकानदाराला एक कांडी लावणं सोपं पडतं आणि बिलावर "१६ जीबी" दोन्हीकडे सारखंच दिसतं. पण मेमरी प्रोसेसरशी दोन वाटांनी बोलू शकते आणि एका कांडीत त्यातली एकच वाट उघडी राहते. वर ३२००ची कांडी २४००वर चालतेय, म्हणजे बायॉसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे कांडीला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, कुणी चालूच केली नाही. रायझनला मेमरीचा वेग इतर प्रोसेसरांपेक्षा जास्त लागतो, कारण त्याच्या आतल्या भागांचं आपसातलं बोलणंही त्याच वेगाला बांधलेलं असतं. चार वर्षं तुझा प्रोसेसर एका पायावर उभा आहे.

दुरुस्ती अशी. आज रात्री बायॉसमध्ये जा, एक्सएमपी चालू कर, सेव्ह कर. फुकटचं काम. मग जमेल तेव्हा त्याच कंपनीची, त्याच वेगाची दुसरी १६ जीबीची कांडी घे. लावताना बोर्डच्या पुस्तिकेत बघ कोणते दोन स्लॉट जोडीचे आहेत. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजलं की दुसरा आणि चौथा.

आणि तो पंखा काढ. साधा टॉवर कूलर बसव, जुनी पेस्ट पुसून नवी लाव. कॅबिनेटची जाळी उघडून बघ, सिमेंटची पूड ब्रशने हलकेच झाड. ओलं फडकं लावू नकोस, चिकटून बसेल. ८७ अंशांवर ३६०० बंद पडत नाही, पण वेग आवरता घेतो, आणि तेही तुला गरज असते नेमकं तेव्हाच.

तिसरा_बाद
२० मे २०२५, दुपारी १.१०

हे सगळं करून मिळणार काय? सहज सुटणारा गेम. सीक्रेट स्वतःच जनावरापर्यंत नेतो, तू वर बसून धार लाव नाहीतर औषध पी. पाऊलखुणा शोधणं गेलं, वाट चुकणं गेलं. कथा संपेपर्यंत मला एकदाही वाटलं नाही की आता मी हरणार. वर्ल्डमध्ये आंजानाथने मला रडवलं होतं.

खटपट्या
२० मे २०२५, रात्री ९.२०

सोपा आहे, मान्य. कथा म्हणजे नाता नावाच्या पोराला घरी नेऊन सोडायची सहल आहे, आणि सोबतची अल्मा इतकी काळजी घेते की शिकारीला निघालोय की शाळेच्या पिकनिकला तेच कळत नाही. पण तू श्रेयनामावलीवर थांबलास की पुढे गेलास? हाय रँक, म्हणजे कठीण टप्पा, तिथून सुरू होतो. टेम्पर्ड, म्हणजे जास्त ताकदवान, आर्कव्हेल्ड साखळ्या फिरवत अंगावर आला की धार लावायला वेळ नसतो.

आणि वर्ल्ड पीसीवर आला तेव्हा, ऑगस्ट २०१८ मध्ये, तोही प्रोसेसर पिळायचा. तेव्हाही लोक असेच ओरडत होते. आज तो "तुझ्या कार्डावर ६० च्या वर पळेल" झाला, कारण सात वर्षांत कार्डं आणि प्रोसेसर पुढे गेले. याचा अर्थ कंपनीला माफ करा असा नाही. पैसे फेब्रुवारीत घेतले तर गेमही फेब्रुवारीतच चालायला हवा. पण म्हणून शिकार वाईट ठरत नाही.

मला विचारशील तर मालिकेतली मारामारी इतकी भरीव कधीच नव्हती. घाव घातला की जखम दिसते, ती धरून हाणलं की फुटते, जनावर कोसळतं. ग्रेट स्वॉर्डने ऐन झडपेच्या क्षणी वार उलटा घातला की समोरचं आठ-दहा मीटरचं धूड मागे फेकलं जातं. याच्यासाठी फ्रेम सारखे पाहिजेत, म्हणून एवढा खटाटोप.

तिसरा_बाद
२० मे २०२५, रात्री ९.४५

हाय रँकला सुरुवात केली होती. बघतो.

काळाचौकी_को-ऑप
२७ मे २०२५, रात्री १०.००

निकाल कळवतो.

एक्सएमपी त्याच रात्री केलं, थोडा फरक पडला. शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेलो, दुसऱ्या दुकानात. कांडी आणि टॉवर कूलर घेतला. जुन्या दुकानावरून जाताना मालकाने ओळखून हाक मारली, "कार्ड आणलं का?" म्हटलं, नाही, तुम्ही न दिलेली दुसरी वाट घ्यायला आलोय. त्याला कळलं नाही, बरंच झालं.

छावणीत आता ४३ ते ४६. मैदानात ६०च्या वर जातात, पण मी ४८ला बांधलेत. वादळात ४८ बहुतेक टिकतात, कळप अंगावर आला की ४४ पर्यंत उतरतात, पण पूर्वीसारखा गचका बसत नाही. तापमान ७०च्या घरात. त्यात काल पाऊस आला, मे महिन्यातच! ऑफिसातून घरी यायला हाल झाले, ठिकठिकाणी पाणी, पण खोलीला एकदाचं बरं वाटतंय.

ताई, हॅमर घेतला. रे डाऊ पडला. त्याची वीज कधी येणार ते आता कळतं. आधी वाटायचं तो मला फसवतोय.

एकच विचारायचंय, ग्रँड हबमध्ये (ऑनलाइन शिकारी जमतात त्या जागेत) आकडा परत ४० च्या खाली जातो. तिथे काही उपाय?

तुतारीवाली
२७ मे २०२५, रात्री १०.४०

हबमध्ये शिकार थोडीच करायचीये. पिंप फेकून बोलिंग खेळतात तिथे. ४० ला पिंप बरोबर पडतं.

हॅमरचं मात्र आवडलं. जनावराच्या डोक्यावरच मार, शेपटीला जाऊ नकोस, ती तलवारवाल्यांसाठी सोड. डोक्यात पुरेसे बसले की गरगरतं आणि सगळ्यांना मोकळं रान मिळतं. रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं असतो, चौथी जागा रिकामी आहे, ये. सगळ्यांचे मिळून तीन बळी गेले की मोहीम बुडते, एवढं लक्षात ठेव. आमच्यातला एक जण दोन तर एकटाच वापरतो.

काळाचौकी_को-ऑप
२१ डिसेंबर २०२५, संध्याकाळी ७.१५

जुना धागा वर काढतोय, रागावू नका.

या आठवड्यात चौथा टायटल अपडेट आला, गॉगमॅझिओस या जनावरावाला. सोबत पीसीच्या कामगिरीच्या सुधारणाही. अपडेटनंतर पहिल्यांदा उघडल्यावर शेडर पुन्हा बनले, चहा करून आलो. माझ्याकडे छावणी आता पन्नाशीला टेकते. प्रोसेसर, कार्ड तेच. म्हणजे जे मी कांडी आणि कूलर घेऊन कमावलं, जवळपास तेवढंच यांनी घरबसल्या पाठवलं. आनंद मानू की वैतागू, कळत नाही.

गॉगमॅझिओस पाहिलात का? अंगभर डांबर थबथबतंय. रविवारच्या टोळीने पहिल्या वेळी मार खाल्ला, आणि तिन्ही बळी एकाच माणसाचे नव्हते, ही आमची प्रगती.

आता प्रश्न: मित्राचा पीसी खोक्यातून बाहेर निघालाय, त्यालाही हा गेम खेळायचाय. त्याच्याकडे माझ्यासारखाच बी४५० बोर्ड आणि ३६००. ८ जीबीच्या दोन कांड्या, व्यवस्थित एक्सएमपीवर. कूलर चांगला आहे. कार्ड आरएक्स ६६००. त्याने पैसे कशावर घालावेत?

खटपट्या
२१ डिसेंबर २०२५, रात्री १०.०५

आधी काहीच घालू नये. अपडेट आल्यावर बेंचमार्कवर नाही तर गेममध्येच छावणीत जाऊन बघावं. त्याला ४८ किंवा ४० जे हवं ते तिथे मिळत असेल तर पैसे पुण्यात मिसळीवर घालावेत.

मिळत नसेल तर प्रोसेसर. मेमरीला हात लावू नका म्हणावं, गेल्या दोन-तीन महिन्यांत रॅमचे भाव असे उसळलेत की तू मे मध्ये घेतलेली कांडी आज जपून ठेव. म्हणूनच डीडीआर५चा नवा बोर्ड घ्यायच्या फंदात पडू नये. एएम४ वरच, म्हणजे आत्ताच्या बोर्डच्याच सॉकेटवर, राहायचं. त्याच बोर्डवर रायझन ५ ५६०० बसतो, तो ३६०० पेक्षा बराच पुढचा आहे. ५७००एक्स३डी कुठे रास्त भावात मिळाला तर त्याहून उत्तम, त्याच्या मोठ्या कॅशचा (प्रोसेसरच्या आतल्या जलद मेमरीचा) असल्या गेमना चांगलाच उपयोग होतो. पण तो आता सहज सापडत नाही आणि जुना घेतला तर पिना मोजून घ्याव्यात. एएम४च्या प्रोसेसरला पिना खाली असतात आणि काढताना पेस्टसकट उपटला की वाकतात.

काम करताना क्रम पाळायचा. जुना ३६०० जागेवर असतानाच बायॉस अपडेट करायचा, नंतर प्रोसेसर बदलायचा. उलट केलं तर नवा प्रोसेसर बोर्डला ओळखूच येणार नाही आणि पडदा काळाच राहील. बायॉसची फाइल बोर्डच्या नेमक्या मॉडेलची घ्यायची, बी४५० नावाचे पन्नास बोर्ड आहेत आणि पुढच्या एखाद्या अक्षराने फरक पडतो. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये, यूपीएस नसेल तर शेजाऱ्याचा मागून आणायला सांग. ६६०० आठ जीबीचं आहे, टेक्स्चर मध्यमवर ठेवावं.

आणि त्याला विचार, शस्त्र कोणतं घेणार. लाँग स्वॉर्ड म्हणाला तर तुतारीवालीकडे पाठव.